लाल कार्डाचं स्पेलिंग

१२ जानेवारी, रविवार

दिलं. एकाहत्तराव्या मिनिटाला, थेट लाल. चंद्रसेन तालमीच्या फुटबॉल संघातल्या सम्राटला — त्यांच्या नऊ नंबरला, ज्याच्या नावानं अर्धी गॅलरी ओरडत असते. समोरच्या नव्या पाणंदीच्या टीमचा झिशान बॉल घेऊन कडेनं निघाला होता. सम्राट बाजूनं घसरत आला आणि झिशान हवेत! मी पंधरा फुटांवर होते. शिट्टी, हात मागच्या खिशात, कार्ड वर. मग जे काही कानावर पडलं ते इथं लिहीत नाही.

सात वर्षं शिट्टी वाजवतेय. पुरुषांच्या मॅचला मधोमध उभी राहणारी मी इथली एकटीच बाई, आता गॅलरीच्या आवाजाचं काही वाटत नाही. सम्राट मान खाली घालून बाहेर गेला. झिशान दोन मिनिटांनी उठला आणि पळायला लागला.

नंतर रिपोर्ट. तो इंग्लिशमध्ये लिहायचा असतो. नव्वद मिनिटं पळून दमत नाही तेवढी मी त्या एका पानानं दमते. लिहिला, सही केली, दिला, सुटले.

१३ जानेवारी

पीटीच्या तासाला आठवीच्या पोरींनी विचारलं, कालच्या लाल कार्डाचा व्हिडिओ फिरतोय, त्यातल्या मॅडम तुम्हीच का. मीच, म्हटलं. दहा राउंड मारा.

१५ जानेवारी, बुधवार

रेफरी मंडळाचे सचिव कृष्णातदादा यांचा शाळेतच फोन. चंद्रसेननं हरकत घेतलीय, संध्याकाळी कमिटीसमोर या.

गेले. तालमीचे अध्यक्ष वकील आहेत. त्यांनी माझा रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला. मी लिहिलं होतं, सम्राटनं बॉल काढून घेताना ‘रेकलेस’ टॅकल केला. वकील म्हणाले, नियमांच्या पुस्तकात रेकलेसला पिवळं कार्ड आहे, लाल नाही, मग आमचा पोरगा बाहेर कसा गेला? आणि दुसरं — मॅडमनी हा शब्द डब्ल्यूनं सुरू केलाय. असला शब्द पुस्तकात नाहीच!

सगळे हसले. कृष्णातदादासुद्धा, तोंड फिरवून.

मी उभी राहिले. म्हटलं, शब्द चुकला असेल, निर्णय चुकला नाही. तो जादा जोरानं मारलेला टॅकल होता. ‘एक्सेसिव्ह फोर्स’ लिहायचं होतं, घाईत दुसरं लिहिलं गेलं. मॅच कागदावर होत नाही, मैदानावर होते आणि मैदानावर मी होते.

कमिटीनं माझं मान्य केलं. नवा रिपोर्ट तिथंच बसून लिहून घेतला, दादांनी स्पेलिंग सांगितलं. सम्राटला तीन मॅचची बंदी कायम.

जिंकून आले. पण जिंकल्यासारखं वाटत नाही ते त्या डब्ल्यूमुळं.

१६ जानेवारी

पहिल्या रिपोर्टचा फोटो कुणीतरी फिरवलाय. सात शब्दांना लाल गोल. टॅकल, अँकल, अपोनंट, व्हिसल... खाली लिहिलंय, “आदी शाळंत जावा मॅडम, मग लाल कार्ड दावा.” आदर्शच्या दूध संघाच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवरसुद्धा आला. नवऱ्याला बायकोची चूक ग्रुपवर बघायला मिळाली! तो म्हणाला, दोन दिवसांत विसरतील. मी जेवले नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

ठरलं.

राज्याच्या रेफरी पॅनेलची परीक्षा दोन मार्चला पुण्यात आहे. मंडळाच्या शिफारशीसकट फॉर्म डिसेंबरमध्येच गेलाय. दोनदा बसले. धावण्यात दोन्ही वेळा पहिल्या तिघींत. लेखीत पन्नासपैकी एकोणीस, मग बावीस. पास व्हायला पस्तीस लागतात. पेपर इंग्लिशमध्ये. नियम मला झोपेतून उठवून विचारा — पण सगळे ऐकून शिकलेय, शिबिरात सर हिंदी-मराठीतून सांगायचे तसे. शब्द कानात आहेत, डोळ्यांत नाहीत.

चव्वेचाळीस दिवस आहेत. रोज दहा शब्द.

१८ जानेवारी

वहीत दहा शब्द प्रत्येकी वीस वेळा लिहिले. सकाळी घोकले, दुपारी सात आठवले, संध्याकाळी तीन. लहानपणी कोडोलीच्या शाळेत असंच करत होते. तेव्हाही असंच व्हायचं.

१९ जानेवारी, रविवार

आज मॅच दिली नाही मला. “जरा गार होऊ द्या,” दादा म्हणाले.

अंगणात वही घेऊन बसले होते. वरच्या मजल्यावरून बिबीजानचाची कपडे काढायला खाली आल्या. आमच्या घरमालकीण, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे सोडले तर ठणठणीत. वही उचलली, चष्मा नाही म्हणून लांब धरून वाचली. विचारलं, हे वीस वेळा काय लिहिलंय? मी म्हटलं, पाठ करतेय. त्यांनी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. पाचव्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत मी एकच अक्षर चुकवत आले होते. सोळा वेळा चूक पाठ केली!

चाची तारखात्यात होत्या हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कधी लक्षात आला नव्हता. तार बंद झाली त्याच वर्षी त्या घरी बसल्या. तोवर जन्मभर इंग्लिश शब्द अक्षर-अक्षर करून पाठवले आणि घेतले. “आम्हाला शब्द वाचायचा नसायचा,” त्या म्हणाल्या, “अक्षरं मोजायची असायची. शब्द वाचला की माणूस अंदाजानं लिहितो.”

उद्यापासून शाळा सुटल्यावर वर जायचं.

२० जानेवारी

चाचींची पद्धत वेगळी आहे. तार फोनवरून सांगताना अक्षर नीट ऐकू जायचं नाही, म्हणून त्या प्रत्येक अक्षराला एकेका गावाचं नाव देत. वरिष्ठांनी ठरवलेली मोठ्या शहरांची नावं होती, पण चाचींनी स्वतःपुरती जिल्ह्यातली केली होती. के म्हणजे कागल. पी म्हणजे पन्हाळा. ई ला मला गावच सुचेना. म्हणाल्या, एकोंडी.

रेकलेस — राधानगरी, एकोंडी, चंदगड, कागल, लाटवडे, एकोंडी, शिरोळ, शिरोळ. सगळा जिल्हा फिरून आले, डब्ल्यू कुठंच लागला नाही!

२१ जानेवारी

अपोनंट. पन्हाळ्याला दोनदा जायचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

चाळीस शब्द पक्के. चाची कुठूनही विचारतात — चहा गाळता गाळता, गॅलरीतून भाजीवाल्याशी बोलता बोलता. मी गावं म्हणत जाते. शिट्टीतला न ऐकू येणारा टी आता दिसतो. कॉशनमध्ये ‘श’ कुठंच नसतो हे आधी कुणी का सांगितलं नाही? मी आजवर पिवळ्या कार्डाच्या रकान्यात काय काय लिहिलं असेल, देव जाणे.

आज चाचींनी पहिल्यांदा शाब्बास म्हटलं. उर्दू शाळेत त्यांना म्हणे कधी कुणी म्हटलं नाही, म्हणून त्याही जपून वापरतात.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून स्टेडियमवर. लाइनवर झेंडी घेऊन उभं राहायला मिळालं. चंद्रसेनची मॅच. सम्राटच्या बंदीतली तिसरी.

तो गॅलरीत पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या जागी खेळणाऱ्याला बॉल पायातच थांबेना. तीन-शून्य हरले. मॅच संपल्यावर कळलं, पुण्याच्या एका मोठ्या क्लबचे कोच सम्राटला बघायला म्हणून आले होते. बंदी आहे हे त्यांना इथं आल्यावर समजलं. चहा पिऊन परत गेले.

वाईट वाटलं. पण टॅकल करताना विचार करायला हवा होता. प्रत्येकाच्या कोचसाठी थांबले तर शिट्टी कधी वाजवू?

३१ जानेवारी

नव्वद शब्द. आदर्शला चढाओढीला बसवलं. तो पहाटे टँकर घेऊन जातो, दुपारी घरी असतो. मी त्याला ‘पाश्चराइज्ड’ विचारला. रोज ज्या टँकरवर बसतो त्यावर लिहिलेला शब्द! चुकला. दोघं हसलो. मग मीही लिहून बघितला. मीपण चुकले.

४ फेब्रुवारी

ताप. तरी पाच शब्द.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादांनी मॅच दिली. चौदा वर्षांखालच्या मुलींची, कळंब्याला. रिपोर्ट दहा मिनिटांत लिहिला. दादांनी वाचला, परत वाचला आणि विचारलं, कुणाकडनं लिहून घेतला. मी म्हटलं, पेन द्या, इथं बसून दुसरा लिहिते. त्यांनी दिलं नाही, पण चेहरा बघण्यासारखा होता!

१३ फेब्रुवारी

आता चाची अर्थावर आल्यात. म्हणतात, अक्षरं झाली, आता शब्द कुठं वापरायचा ते सांग. दोन शब्द शेजारी शेजारी राहत असतील तर त्यांच्यातली भिंत दाखव. दोघींनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून काढलंय. चाचींना फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून त्यांना समजेल असं सांगावं लागतं. हे परीक्षेपेक्षा अवघड आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज फाऊलचं पान. तीन शब्द आहेत. केअरलेस, रेकलेस आणि एक्सेसिव्ह फोर्स. पहिल्याला कार्ड नाही, दुसऱ्याला पिवळं, तिसऱ्याला लाल. हे मला पाठ आहे. चाची म्हणाल्या, पाठ असू दे, भिंत दाखव.

मी म्हटलं, केअरलेस म्हणजे गॅसवर दूध ठेवून मी बाहेर गेले आणि ते उतू गेलं. लक्ष नव्हतं. चाचींनी मान डोलावली. रेकलेस म्हणजे आदर्श पेट्रोल भरायला उलट्या बाजूनं गाडी घालतो. समोरून कुणी येईल हे माहीत असतं, तरी घालतो. कुणाला मारायचं नसतं त्याला. फक्त लवकर पोचायचं असतं. “आणि तिसरा?” त्या म्हणाल्या. तिसरा म्हणजे माणूस मोडेल एवढा जोर. लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

चाचींनी विचारलं, मग तू लाल दिलंस तो पोरगा यातला कुठला?

मी पुस्तक मिटलं आणि खाली आले.

१७ फेब्रुवारी

व्हिडिओ बघितला. त्या दिवशी नुसताच बघितला होता, सगळ्यांनी दाखवला म्हणून. आज थांबवून थांबवून बघितला. एकवीस वेळा.

सम्राट बाजूनं येतो. पाय जमिनीलगत, बुटाचे खिळे खाली. दोन्ही पाय नाहीत, एकच. आधी बॉलला लागतो. मग गुडघा झिशानच्या पोटरीला. झिशान हवेत जातो कारण तो पूर्ण वेगात असतो. तो वेग झिशानचा होता! मी झिशानची उडी बघितली आणि जोर सम्राटचा धरला.

त्याला बॉल हवा होता, समोरच्याचं काय होईल याची फिकीर केली नाही. रेकलेस. पिवळं. मॅचमधलं त्याचं पहिलंच.

घाईत जो शब्द लिहिला होता तो बरोबर होता. कार्ड चुकलं होतं. आणि कमिटीपुढं उभी राहून, छाती काढून, मी बरोबर शब्द खोडून चुकीचा लिहून आले.

१८ फेब्रुवारी

वर गेले नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, शाळेला सुट्टी. आदर्शला सांगितलं. तो म्हणाला, झालं ते झालं, तीन मॅच संपल्या, तो परत खेळायला लागला, आता उकरून कुणाचं भलं होणार? परीक्षेला अकरा दिवस राहिलेत. चुका तर सगळेच रेफरी करतात.

करतात. हे खरंच आहे. मैदानावरच्या चुकीनं मला झोप लागत नाही असं आजवर झालं नाही. एका सेकंदात बघायचं, ठरवायचं, पुढं पळायचं. त्या सेकंदाची लाज मला आजही नाही. लाज पंधरा तारखेची आहे. तेव्हा माझ्याकडे सेकंद नव्हता, तीन दिवस होते. व्हिडिओही होता. वकील जे बोलले ते बरोबर होतं का, हे एकदा तरी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही, कारण सगळे स्पेलिंगला हसत होते.

२० फेब्रुवारी

चाची स्वतः खाली आल्या, गुडघे दुखत असताना. का येत नाहीस म्हणून रागवायला आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि जे सांगितलं ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे.

नोकरीचं तिसरं वर्ष. एका माणसाला तार होती — आई सीरियस, लगेच निघ. पत्ता शिरोळ. चाचींनी गावाच्या नावाच्या शेवटी ‘आय’ हे एक अक्षर जास्त पाठवलं. शिरोळचं शिरोली झालं. तार शिरोलीत फिरली, माणूस मिळेना, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिरोळला पोचली. तो आईकडे पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चौकशी झाली नाही. कुणी तक्रारच केली नाही. तार उशिरा मिळाली एवढंच त्याला माहीत होतं.

“मग?” मी विचारलं.

“मग दोन महिन्यांनी एसटीत बसले आणि शिरोळला गेले. घर शोधलं. सांगितलं, अक्षर माझ्या हातानं चुकलं.”

“तो काय म्हणाला?”

“चहा दिला. मी प्यायले. स्टँडवर सोडायला आला.” चाचींनी चष्मा पुसला. “त्यानं माफ केलं की न्हाई ते मला आजपर्यंत म्हाईत न्हाई, तेजू. पण तोवर ती चूक कुणाचीच नव्हती. मग ती माझी झाली.”

तू काय कर, हे काही त्यांनी सांगितलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, उद्या शब्द घेऊन ये, दोन दिवसांचे वीस राहिलेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सम्राटच्या घरचा मिरची कांडपाची गिरणी, म्हणजे डंक, आहे, कळंब्याच्या रस्त्याला. उन्हाळ्याच्या चटणीची गर्दी सुरू झालीय. दारातच शिंका. बायका डबे घेऊन रांगेत. तो आत, तोंडाला फडकं बांधून, हात कोपरापर्यंत लाल. मला बघून मशीन बंद केलं नाही. थांबले. रांग संपेपर्यंत थांबले, अर्धा तास. त्याच्या आईनं ओळखलं नाही, किती किलो आणलंय म्हणून विचारलं.

शेवटी तो बाहेर आला, फडकं काढलं. मी सरळ सांगितलं. त्या दिवशी पिवळं द्यायला हवं होतं. लाल चुकलं. आणि कमिटीपुढं मी नीट न बघता अडून बसले, ती दुसरी चूक. ती जास्त मोठी.

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, “मला तवाच म्हाईत हुतं, मॅडम.”

“बोलला का नाहीस?”

“कुणाला बोलणार? वकीलसाहेब बोललं की. समदी हसली, संपलं. माझ्या टॅकलचं कोण बोललंच न्हाई, तुमच्या स्पेलिंगचंच बोललं.”

मी म्हटलं, तो कोच परत येईल असं मला काही करता येणार नाही.

“न्हाई येनार,” तो म्हणाला. चिडून नाही. मिरचीचा भाव सांगावा तसा. मग थोड्या वेळानं, “मला सांगून काय हुतंय. रेकॉर्डला माझं नाव मारका खेळाडू म्हणून हाय. पुढं कुठं ट्रायलला गेलो तर आदी त्येच बघत्यात. त्या दिवशी कागदावर लिवलासा न्हवं? आताबी कागदावरच लिवा.”

निघताना त्याची आई म्हणाली, पावणं, चहा तरी घ्या. मी घेतला नाही. तेवढा हक्क वाटला नाही.

डोळे अजून चुरचुरतायत.

२३ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. इंग्लिशमध्ये, एक पान, एकोणीस ओळी. दुपारभर बसले. कुणाला विचारलं नाही, फोन उघडला नाही, डिक्शनरीसुद्धा नाही. ‘मिस्टेक’ लिहिताना हात थांबला. स्पेलिंगसाठी नाही.

पहिल्यांदा लिहिलं होतं, माझ्याकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे. वाचलं. खोडलं. माझी चूक झाली, असं लिहिलं. इंग्लिशमध्ये ते तीनच शब्दांत होतं, आय वॉज राँग. इतके दिवस मोठे शब्द शिकत होते!

वर नेऊन दाखवलं. चाचींनी चष्मा लावून, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. शेवटी पेन्सिल होती तशी खाली ठेवली. एकही खूण नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कृष्णातदादांना ऑफिसात जाऊन पत्र दिलं. त्यांनी वाचलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, हे घेऊन जा. आज एक रेफरी लिहून देणार की मी चुकले, उद्या प्रत्येक तालीम प्रत्येक कार्डासाठी दारात उभी राहणार. कमिटीनं तुझ्या शब्दावर बंदी दिली, कमिटीचं काय तोंड राहिलं? ते सगळं खरं होतं. दादा वाईट माणूस नाहीत. मला पहिली शिट्टी त्यांनीच दिली.

“परीक्षा रविवारी हाय,” ते म्हणाले. “पास झालीस तर राज्याची रेफरी हुशील. हे पत्र फायलीत गेलं तर हितं तुला मॅच द्यायची पंचाईत हुईल मला. सहा दिवस थांब तरी.”

मी म्हटलं, सहा दिवसांनी मी पत्र बदलणार नाही, दादा. मग आजच घ्या.

पोच मागितली. सही, शिक्का, तारीख. दिली त्यांनी.

२५ फेब्रुवारी

हलकं वाटतंय. तीनशे बारा शब्द.

१ मार्च

पुण्याला मावशीच्या घरी. चाचींनी डब्यात शिरकुर्मा दिलाय, ईद महिनाभर लांब असताना! उद्या सकाळी आधी धावणं, मग लेखी.

२ मार्च, रविवार

धावणं — काही विशेष लिहिण्यासारखं नाही. पहिली आले.

लेखी. पेपर हातात आला आणि पहिल्यांदाच तो भिंतीसारखा दिसला नाही. शब्द ओळखीचे, एकेका गावाचे. तिसरा प्रश्न: केअरलेस, रेकलेस आणि एक्सेसिव्ह फोर्स यांतला फरक उदाहरणासह लिहा. शेजारची पोरगी भराभर पाठ केलेलं लिहीत होती. मी उदाहरणात माझीच मॅच लिहिली. एकाहत्तरावं मिनिट, बाजूनं आलेला टॅकल, रेफरीनं दिलेलं लाल आणि ते का चूक होतं. जागा पुरली नाही, पुरवणी मागितली. दोनदा नापास झालेली मी पुरवणी मागत होते!

बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. दोन ग्लास.

६ मार्च

शाळा. परीक्षेचं विचारू नका, असं स्टाफरूमला सांगून टाकलंय.

११ मार्च, मंगळवार

पास. पन्नासपैकी त्रेचाळीस.

आधी वर पळाले. चाची नमाजाला बसल्या होत्या. दारात उभी राहिले. त्यांनी नमाज संपवणारा सलाम फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि पास का नापास हे विचारलंच नाही. “किती?” एवढंच. सांगितल्यावर म्हणाल्या, सात कुठं गेले ते बघायला पाहिजे. मग डोळ्यांना पदर लावला.

आदर्शनं ग्रुपवर निकालाचा फोटो टाकला. त्याच ग्रुपवर. टाकू नको म्हणाले नाही.

१३ मार्च

होळी. पोळ्या खाल्ल्या. दादांचा फोन नाही. या रविवारच्या यादीत नाव नाही.

१६ मार्च, रविवार

काल कमिटीचं पत्र आलं. दोन निर्णय, चार ओळी. सम्राटची बंदी रेकॉर्डवरून काढली. माझं नाव या हंगामापुरतं इथल्या पॅनेलवरून कमी केलं.

आज तिकीट काढून स्टेडियमवर गेले. सात वर्षांत पहिल्यांदाच गॅलरीत. चंद्रसेनच्या बाजूलाच जागा होती. ओळखलं सगळ्यांनी, जरा सरकून जागा करून दिली. अठराव्या मिनिटाला मैदानावर दोघं धडकले, रेफरीनं पिवळं काढलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मागं वळला.

“का दिलं वो मॅडम त्येनं?”

मी सांगायला लागले. हळूहळू सगळी रांग माझ्याकडे वळून ऐकायला लागली.